‘प्रो’ या शब्दात दडलेले दोन पेशे: व्यावसायिक गोल्फपटूची पार्श्वभूमी

९ जून २०२२ रोजी लंडनजवळ एका नव्या गोल्फ मालिकेची पहिली स्पर्धा सुरू झाली आणि अमेरिकेतील मुख्य टूरने, म्हणजे वर्षभर ठिकठिकाणी स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेने, त्याच दिवशी तेथे उतरलेल्या आपल्या १७ सदस्यांना निलंबित केले. चर्चा झाली ती सौदी पैशाची आणि आकड्यांची: एकूण बक्षीस अडीच कोटी डॉलर, विजेत्याला ४० लाख आणि ४८ खेळाडूंत शेवटचा येणाऱ्यालाही १ लाख २० हजार. ऑगस्टमध्ये ११ खेळाडू न्यायालयात गेले. आपण टूरचे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहोत, तेव्हा कोठे खेळायचे हे आपणच ठरवणार, हा त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता. टूरचे उत्तर असे की, सदस्यत्व घेताना नियम मान्य केले आहेत आणि टूरची स्पर्धा असलेल्या आठवड्यात दुसरीकडे खेळायचे तर परवानगी लागते. व्यावसायिक गोल्फपटू नेमका कोणाचा माणूस, हा प्रश्न मात्र या वादाहून कितीतरी जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमध्ये ‘प्रो’ म्हणजे प्रथम कारागीर होता. सेंट अँड्र्यूजमध्ये १८२१ साली जन्मलेल्या आणि पुढे चार वेळा ‘ओपन’ ही ब्रिटनमधील मुख्य स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूचा पेशा सुरू झाला तो चेंडू बनवण्याच्या उमेदवारीने. शिवलेल्या कातड्याच्या लहानशा फटीतून टोपीभर ओली पिसे लोखंडी सळईने कोंबायची. वाळताना कातडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा टणक होई. असे चेंडू दिवसाला तीन-चारच होत. गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचा, स्वस्त चेंडू आल्यावर उमेदवार तो वापरताना दिसला, मालक बिथरला आणि दोघांचे बिनसले. उमेदवार १८५१ मध्ये प्रेस्टविकला मैदानाचा राखणदार म्हणून गेला. तेथेच १८६० मध्ये पहिली ओपन झाली. आठ व्यावसायिक १२ होलच्या मैदानावर एकाच दिवशी तीन फेऱ्या खेळले, विजेत्याला कातडी पट्टा मिळाला आणि रोख काहीच नाही. विजेत्याच्या हाती रोख रक्कम पडू लागली ती १८६४ पासून, आणि तीही सहा पौंड. हाच खेळाडू त्या सुमारास सेंट अँड्र्यूजला परतला तेव्हा मैदान सांभाळण्याचा त्याचा वार्षिक पगार ५० पौंड ठरला. पोट पगारावर भरत होते. स्पर्धा ही वरकड कमाई होती.

‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ यांतली रेघ खेळाच्या कसबावर कधीच बेतलेली नव्हती. ती कोणाला पैशासाठी काम करावे लागते, यावर होती. अमेरिकेत ठरावीक वयानंतर पैसे घेऊन कॅडीचे, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहण्याचे, काम केले तरी हौशी दर्जा जात असे. या रेघेचा सर्वांत विचित्र वापर १९१६ मध्ये झाला आणि त्याकडे इतिहासात द्यायला हवे तितके लक्ष दिले जात नाही. १९१३ मध्ये ब्रुकलाइन येथे, मैदानासमोर राहणाऱ्या आणि लहानपणी तेथेच कॅडी असलेल्या एका वीस वर्षांच्या हौशी खेळाडूने दोन नामांकित ब्रिटिश व्यावसायिकांना बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा फेरीत (प्लेऑफमध्ये) हरवून अमेरिकेची ओपन जिंकली. त्याच्या ७२ फटक्यांसमोर त्यांचे ७७ आणि ७८ होते. अमेरिकेत गोल्फ सामान्यांपर्यंत पोहोचण्याची सुरुवात अनेक जण या निकालापासून मानतात. पुढे त्याने मित्रासोबत क्रीडासाहित्याचे दुकान काढले. गोल्फमधल्या नावाचा तो धंद्यासाठी फायदा उठवतो, असे ठरवून नियामक संस्थेने १९१६ मध्ये त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. त्याने खेळण्याचे पैसे घेतले नव्हते, शिकवण्याचेही नाही. ज्यांना दुकान चालवण्याची गरजच नव्हती अशा श्रीमंतांनी उन्हाळाभर एका क्लबवरून दुसऱ्या क्लबवर पाहुणचार घेत खेळावे, याला मात्र हरकत नव्हती. एका प्रादेशिक संघटनेने बंदी झुगारून १९१७ च्या आपल्या हौशी स्पर्धेत त्याला खेळू दिले आणि तो ती जिंकलाही. तो सैन्यात दाखल झाल्यावर १९१८ मध्ये दर्जा परत देण्यात आला. नियमाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, प्रसिद्धी विकण्याला कोठेतरी मर्यादा घालणे भाग होते. पण ती नेमकी एका माजी कॅडीवर येऊन पडावी, हा योगायोग वाटत नाही.

व्यावसायिकांना तेव्हा क्लबहाउसचा दरवाजाही बंद असे. १९२० मध्ये इंग्लंडमधील डील येथे एका अमेरिकी व्यावसायिकाला आत कपडे बदलू दिले नाहीत, तेव्हा त्याने भाड्याची आलिशान मोटार क्लबहाउससमोर उभी करून तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी टोलेडोच्या क्लबने अमेरिकी ओपनसाठी व्यावसायिकांना दारे उघडली आणि त्यांनी वर्गणी काढून क्लबला एक उभे घड्याळ भेट दिले.

पुढच्या काळात अमेरिकी व्यावसायिकांच्या एकाच संघटनेत दोन वेगळे लोक राहत होते: क्लबमध्ये धडे देणारे, दुकान सांभाळणारे बहुसंख्य, आणि गावोगावी स्पर्धा खेळणारे थोडे. प्रो कोणाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार या संघटनेकडे होता आणि तिने तो केवळ गोऱ्यांना सदस्यत्व देण्याच्या कलमासाठीही वापरला. ते कलम १९६१ मध्ये गेले, तोवर अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंची उमेदीची वर्षे निघून गेली होती. दूरचित्रवाणीचा पैसा वाढला तेव्हा तो कोणाचा, यावरून दोन गटांत फाटले आणि १९६८ मध्ये स्पर्धा खेळणाऱ्यांनी वेगळी चूल मांडली; सुरुवातीला आलेली मुख्य टूर ती हीच. ‘स्वतंत्र कंत्राटदार’ या शब्दाला खरे वजन त्यानंतर आले, कारण या व्यवस्थेत पगार नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीचे मानधन सारे स्वतःचे आणि कट हुकला, म्हणजे पहिल्या फेऱ्यांनंतर मागे पडून स्पर्धेबाहेर गेले, तर आठवड्याची कमाई शून्य. १९८२ पर्यंत कमाईच्या यादीतले पहिले ६० वगळता बहुतेकांना सोमवारच्या पात्रता फेरीतून वाट काढावी लागे. १९८३ पासून ही सवलत पहिल्या १२५ जणांना मिळाली आणि ‘कार्ड टिकवणे’, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क राखणे, हेच बहुतेकांच्या कारकिर्दीचे माप झाले.

२०२२ च्या त्या नव्या मालिकेत तीनच फेऱ्या होत्या आणि कट नव्हता, हे आमिष या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. २०२२ च्या जानेवारीत हौशी दर्जाचे नियमही बदलले आणि प्रायोजकाकडून पैसे घेण्यास, म्हणजे १९१६ मध्ये ज्या नावाच्या वापराला शिक्षा झाली त्याच वापराला, मुभा मिळाली. युरोपात एप्रिल २०२३ मध्ये लवादाने, परवानगीविना नव्या मालिकेत खेळलेल्यांना तेथील टूरने केलेला एक लाख पौंडांचा दंड वैध ठरवला. अमेरिकेत ६ जून २०२३ रोजी दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा आराखडा जाहीर केला, त्याच महिन्यात खटले मागे घेतले गेले आणि कंत्राटदाराला टूर किती बांधून ठेवू शकते, याचा न्यायालयीन निकाल लागायचा राहून गेला.