थंडीत इंजिन ऑइलमध्ये पाणी येतं कुठून?

कडाक्याच्या थंडीत रोज जेमतेम चार-पाच किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला कधी कधी फिकट पिवळा, मऊ, बुळबुळीत थर दिसतो. ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची ही खूण. पाहणाऱ्याला पहिली धास्ती वाटते ती हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधली सीलबंद चकती) गेल्याची, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये शिरत असल्याची. ही धास्ती खरी की खोटी ते ओळखणं फार अवघड नाही. कूलंटची पातळी कमी होत नसेल, डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल स्वच्छ असेल आणि दुधाळपणा फक्त झाकणालाच असेल, तर गॅस्केट बहुधा शाबूत आहे. कूलंट घटतंय आणि डिपस्टिकही दुधाळ येतेय, असं असेल तर मात्र गाडी चालवू नये, थेट मेकॅनिककडे न्यावी.

गॅस्केट ठीक असेल, तर मग पाणी आलं कुठून? हवेतल्या दमटपणातून, असं सर्रास सांगितलं जातं. इंजिन थंड होताना बाहेरची हवा आत ओढतं आणि तिच्यातली वाफ आत थिजते, हे खरंच आहे. पण हिशेब करून पाहा. शून्य अंश सेल्सिअसला हवा बाष्पाने अगदी काठोकाठ भरलेली असली, तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम पाणी असतं. इंजिनच्या पोटात हवेला जागा असते काही लिटरची. पाच लिटर धरली, तर पाणी भरतं एका ग्रॅमच्या चाळिसाव्या भागाइतकं. शिवाय थंड हवा उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. दोष हवेचा असता, तर हा थर दमट उन्हाळ्यात जास्त दिसायला हवा होता.

खरं पाणी येतं पेट्रोलमधून. पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांचं मिश्रण. ते जळतं तेव्हा कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी. ऑक्टेनचंच उदाहरण घेतलं, तर ११४ ग्रॅम ऑक्टेन जळून १६२ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण एक लिटर पाणी बनतं! यातलं बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. थंडीत गाडीमागे दिसणारा पांढरा धूर हाच, आणि नळीच्या तोंडाशी टपकणारे थेंबही याचेच.

पण थोडा वायू उलट्या वाटेने जातो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट पिस्टन रिंग बुजवतात, पण अगदी हवाबंद नाही. स्फोटाच्या दाबाने काही वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या भागात उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात आणि तो नव्याकोऱ्या इंजिनातही असतोच. पेट्रोलच्या जळलेल्या वायूत वाफेचं प्रमाण आकारमानाने सुमारे १४ टक्के असतं, त्यामुळे त्याचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं ते, पन्नास अंशांच्या थोडा वर येतो. क्रँककेसची भिंत त्याहून थंड असली की ही वाफ तिथे थिजू लागते, तापलेल्या पातेल्यावरच्या गार झाकणाला पाणी सुटतं तशी. झाकण इंजिनच्या सगळ्यात वर, बाहेरच्या हवेला लागून असतं आणि तिथे गरम ऑइल फारसं पोहोचत नाही, म्हणून थर आधी तिथेच दिसतो.

ऑइल पारदर्शक, पाणीही पारदर्शक, मग मिश्रण दुधाळ का? पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब ऑइलमध्ये तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. ते एकत्र येऊन तळाशी बसत नाहीत, याचं कारणही ऑइलमध्येच आहे. काजळी तळाशी साचू नये म्हणून त्यात जी रसायनं घातलेली असतात, तीच पाण्याचे थेंबही धरून ठेवतात.

क्रँककेस साफ ठेवायची सोय इंजिनात आहे. पूर्वी तिथला वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत, आणि मग सगळीकडेच, तो परत इंजिनमध्ये ओढून जाळायची पद्धत आली. पण वायुवीजन हलवू शकतं ते वाफेला. ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आधी पुन्हा वाफ व्हावं लागतं, आणि त्यासाठी ऑइल चांगलं तापायला हवं. फार कडक थंडीत तर वायू परत ओढणाऱ्या नळीतच बर्फ धरून ती तुंबते, क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सील फुटून ऑइल बाहेर येऊ लागतं.

इथेच डॅशबोर्डवरचा काटा फसवतो. तो दाखवतो कूलंटचं तापमान. कूलंट काही मिनिटांत तापतं. ऑइल बरंच मागे राहतं. काटा मधोमध आला म्हणून इंजिन तापलं असं समजून आपण गाडी बंद करतो, तेव्हा ऑइल अजून कोमटच असतं. समजा छोट्या फेरीत ३०० मिलिलिटर पेट्रोल जळलं. म्हणजे पाणीही तितकंच. त्यातलं एक टक्का जरी खाली उतरलं, तरी ते होतं ३ मिलिलिटर. सगळं थिजत नाही, बरंचसं ओढलं जातं. पण ऑइलमध्ये ०.२ टक्के पाणी हीसुद्धा धोक्याची पातळी मानतात, आणि चार लिटर ऑइलमध्ये ती भरते अवघ्या ८ मिलिलिटरला.

थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त पाजावं लागतं. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं आणि त्याला पातळ करतं. त्यामुळे एक गंमत होते. इंजिन थोडं ऑइल खात असलं, तरी डिपस्टिकवर पातळी जागच्या जागी दिसते, कारण तूट पाणी आणि पेट्रोल भरून काढतात. मग एखादा लांबचा प्रवास झाला की दोन्ही उडून जातात आणि ऑइल अचानक कमी झाल्यासारखं वाटतं.

पाणी नुसतं असून भागत नाही, ते आम्लही बनवतं. ब्लो-बायमधले नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात विरघळून नायट्रिक आम्ल होतं. ते मारायला ऑइलमध्ये कॅल्शियमची किंवा मॅग्नेशियमची अल्कधर्मी संयुगं असतात, पण ती खर्च होत जातात. म्हणूनच गाडी फार फिरली नसली, तरी ऑइल बदलायला मुदत असते, आणि थंडीतल्या छोट्या फेऱ्या बहुतेक मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' या सदरात मोडतात.

गाडी जागेवर चालू ठेवून ऑइल तापवायची सवय मला तरी फारशी उपयोगाची वाटत नाही. बिनभाराचं इंजिन उष्णता कमी देतं, तापायला वेळ लावतं आणि तोवर पाणी बनवतच राहतं. त्यापेक्षा लगेच निघावं, सुरुवातीला जोर न लावता चालवावं आणि आठवड्यातून एखादी फेरी अर्ध्या-पाऊण तासाची करावी.

हायब्रिड गाड्यांनी हा प्रश्न नव्याने आणलाय. त्यांचं इंजिन मध्येच सुरू होतं, मध्येच थांबतं, आणि गाडी तासभर चाललेली असली तरी इंजिन त्यातला थोडाच वेळ चाललेलं असतं. अशा गाडीत शहरातली लांब फेरीदेखील ऑइलच्या दृष्टीने छोटीच ठरू शकते. तिथे ऑइल तापवायला मोकळ्या रस्त्यावर, सलग वेगात चालवणंच जास्त कामी येतं.