धूप-चंदनाच्या अत्तराचा अंगावरचा वास आणि त्यामागचा किनारा

खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुठल्याही बाजारात अत्तराच्या दुकानात आजकाल 'वुडी' नावाखाली छोट्या रोल-ऑन कुप्या मिळतात, आत घट्टसर पिवळं नाहीतर तपकिरी तेल, आणि दुकानदार हमखास सांगतो की हा दुबईचा वास आहे. लोकांच्या डोक्यातही तेच बसलंय, म्हणजे मोगरा, केवडा, गुलाब, सुरंगी हे आपलं आणि लाकूड, डिंक, धूर असलं काही नाकाला लागलं की ते अरबी. मला हे अजिबात पटत नाही. लाकूड आणि धूप ही जोडी जमली तीच मुळात समुद्राच्या या दोन काठांमध्ये, आणि त्यातला एक काठ आपला होता.

आधी हे तेल अंगावर कसं वागतं ते बघू, कारण इतिहास त्यातच दडलाय. मनगटाच्या आतल्या बाजूला काचेच्या दांडीने एक बोट लावलं की पहिली पाच-दहा मिनिटं जे येतं त्यात धूर नसतोच, लिंबाची साल, मिरी आणि टर्पेंटाइनची झाक असलेला ताजा चीक असा एक थंड, जरा उग्र वास येतो. पुष्कळ जण इथेच नाक मुरडून कुपी परत ठेवतात. थोडा वेळ गेला की ती उग्रता बसते आणि राळेचा कोरडा, किंचित आंबटसर वास वर येतो, मग पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा सुक्या लाकडाचा, आणि तासा-दोन तासांनी सगळं शांत झालं की सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा दुधाळ, गोडसर, कातडीला चिकटून राहणारा वास. याचं कारण साधं आहे. धुपाच्या तेलातलं अल्फा-पायनीन हलकं, ते १५६ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं म्हणून अंगाच्या उबेनेही भराभर उडून जातं, चंदनातलं सँटॅलॉल उकळायला ३०० अंशांच्या घरात जावं लागतं म्हणून ते तासन्‌तास जागेवर बसून राहतं. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते उडताना वास चौफेर फेकतं, तेल तसं करत नाही, तेलाचं अत्तर जवळ आलेल्या माणसालाच कळतं.

इथे एक खुलासा हवा, नाहीतर घोळ होतो. आपल्याकडे दर्ग्यात, देवळात, तिन्हीसांजेला घरात निखाऱ्यावर जो ऊद किंवा लोबान घालतात तो बहुतेक वेळा सुमात्राकडून येणारा, व्हॅनिलासारखा गोड वास असणारा डिंक असतो. अत्तरातला 'इन्सेन्स', म्हणजे धूप, बहुधा दुसराच, बोस्वेलिया जातीच्या झाडाचा डिंक, युनानी दुकानात त्याला कुंदुर म्हणतात. म्हणून दर्ग्याचा गोड धूर मनात धरून कुपी उघडणाऱ्याला लिंबू-मिरीचा धक्का बसतो. त्या डिंकाचा जुन्या चर्चमध्ये येतो तो खास वास नेमका कशामुळे, हे तर अगदी अलीकडे, २०१६ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या संशोधकांनी शोधून काढलं, अत्यल्प प्रमाणात असणारी दोन आम्लं त्याला कारण आहेत.

हे बोस्वेलियाचं झाड ओमानच्या धोफार भागात, येमेनमध्ये आणि सोमालियाच्या बाजूला होतं. सालीला चिरा द्यायच्या, चीक बाहेर येऊन सुकला की खरवडून घ्यायचा, हजारो वर्षं हीच पद्धत. पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवलीय, पेरिप्लस म्हणून ती ओळखली जाते, त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. त्यातच धोफारच्या किनाऱ्यावरच्या मोस्खा बंदराबद्दल एक फार सुंदर गोष्ट आहे: भारताकडून म्हणजे भडोच आणि मलबारहून परतणाऱ्या जहाजांना उशीर झाला की ती तिथेच मुक्काम करायची आणि कापड, गहू आणि तिळाचं तेल देऊन बदल्यात धूप घ्यायची. तिळाचं तेल! पुढे कितीतरी शतकं आपल्याकडे सुगंधी तेलाचा आधार म्हणून तिळाचं तेलच वापरलं गेलं, आणि ते धुपाच्या बदल्यात तिकडे जात होतं हे वाचलं तेव्हा मला खरंच फार आनंद झाला. मोस्खा म्हणजे आजचं सलालाहजवळचं खोर रोरी असं मानलं जातं. तिथल्या उत्खननात भारतातून गेलेल्या वस्तूही मिळाल्यात.

मग चौल. आज रेवदंड्याला फिरायला जाणाऱ्यांना नारळ-सुपारीच्या वाड्या दिसतात, पण दहाव्या शतकात अल्-मसूदी नावाचा अरब प्रवासी इथे येऊन गेला तेव्हा, साधारण ९१६ च्या सुमाराला, शिलाहारांचं राज्य होतं आणि चौलमध्ये सुमारे १०,००० मुसलमान राहत होते असं तो लिहितो, सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेलेही. इतकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात तिथे त्यांच्या घरातला धूप, त्यांचं जुम्म्याचं अत्तर हेही राहतं. दाभोळ पुढे मोठं झालं, हजचे यात्रेकरू तिथून जहाजावर चढायचे. म्हणजे मक्केच्या दिशेने रोजचं जाणं-येणं असलेला हा किनारा, त्याला हा वास परका कसा म्हणायचा?

आणि फक्त माल उतरवून घेणारे होतो असंही नाही, वास कसा बांधायचा याचं शास्त्र आपल्याकडे होतं. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचं अख्खं प्रकरण आहे, सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती प्रकारचे गंध होतील याचा हिशोबही दिलाय, १८२०, आणि तो गणिताने बरोबर आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा मानसोल्लासात धुपाचे प्रकार सांगतो, चूर्ण, गोळी आणि वात, म्हणजे उदबत्तीची पूर्वजच. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती गंधवाद नावाची पोथी, कारण तिच्यावर मराठी टीका आहे, जुन्या मराठीत, वास कसे करायचे ते समजावून सांगणारी. ही पोथी आणि तिच्यासोबतचं गंगाधराचं गंधसार उजेडात आणलं ते परशुराम कृष्ण गोडे यांनी, भांडारकर संस्थेचे क्युरेटर, मूळ आपल्या देवरूखचे. त्यांनी अत्तर, गुलाबपाणी, अंबर असल्या विषयांवर एकामागून एक लेख लिहिले, तेही अशा काळात जेव्हा विद्वान लोक असल्या 'चैनीच्या' गोष्टींकडे वळूनही बघत नव्हते. देवरूखच्या चौकात त्यांच्या नावाने चार माणसं तरी थांबायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

अंबरचा उल्लेख आलाच म्हणून, कोकणात हे नाव आज ऐकू येतं ते पोलिसांच्या बातमीतूनच, व्हेल माशाची उलटी पकडली म्हणून. स्पर्म व्हेल वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, अंबर बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. त्यामुळे कुपीवर 'अंबर' लिहिलेलं असलं तरी आत प्रयोगशाळेतला पर्याय किंवा राळांचं मिश्रण असतं, आणि तसंच असायला हवं.

आता धूर. अंगाला लावायच्या तेलात जळकट वास येतो कुठून, हा प्रश्न खूप जण विचारतात. त्याचं उत्तर चोव्यात आहे, म्हणजे लाकूड भाजून काढलेल्या अर्कात. आइन-इ-अकबरीमध्ये अबुल फजलने कृती दिलीय, अगरू या सुगंधी लाकडाचे बारीक तुकडे अरुंद तोंडाच्या भांड्यात भरायचे, भांड्याला माती लिंपायची, ते उलटं ठेवून वरून शेणीचा विस्तव द्यायचा आणि खाली ठिबकणारा काळपट अर्क वाटीत धरायचा. लाकूड जवळजवळ जाळूनच काढलेला अर्क तो, त्यामुळे धूर त्यात उतरतोच. कनौजला आजही राळेपासून, लोबानापासून, समुद्रातल्या नखापासून (शंखाच्या तोंडावरचं झाकण) अशाच भाजण्याच्या पद्धतीने अर्क काढतात. देग-भपक्याची पद्धत वेगळी, तिथे तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळतं, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात जाते आणि भपक्यात आधीच असतं चंदनाचं तेल, जे तो वास पिऊन घेतं. म्हणजे पूर्वी गुलाबाचं असो की मातीचं, प्रत्येक अस्सल अत्तराच्या तळाशी चंदनच असायचं. आपले आजोबा-पणजोबा लग्नात अत्तर-गुलाबाच्या वेळी मनगटाच्या मागे लावून घ्यायचे किंवा फाया कानात खोचायचे, तो संध्याकाळी उरलेला मऊ वास बहुतांशी चंदनाचा होता.

आणि हा तळच गेल्या पन्नासेक वर्षांत निघून गेलाय. चंदनावर राज्यकर्त्यांचा डोळा जुनाच, टिपूने १७९२ मध्ये त्याला राजवृक्ष ठरवलं आणि झाड कुणाच्याही जमिनीत असो, मालकी सरकारची झाली. मैसूरचं लाकूड युरोपात जायचं, तेल जर्मनीत निघायचं. पहिल्या महायुद्धात ते बंद पडलं तेव्हा लाकूड पडून राहिलं, मग कृष्णराज वाडियारांच्या काळात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या सडबरो आणि वॉटसन यांच्या मदतीने १९१६ मध्ये बंगळूरला तेलाचा कारखाना सुरू झाला, मैसूर सँडल साबण त्याच घराण्यातला. पण मालकी सरकारची असलेलं झाड शेतकरी कशाला लावेल, उलट बांधावर उगवलं तरी कटकटच. त्यात स्पाइक रोग, चोरटी तोड, आणि झाड असं की गाभ्यात तेल भरायला पंधरा-वीस वर्षं तरी द्यावी लागतात, चांगल्याला तीस. कर्नाटकाने कायदा बदलला तो २००१ मध्ये. तोवर ऑस्ट्रेलियाने कुनुनुरा भागात आपल्याच चंदनाच्या जातीची मोठी लागवड सुरू केली होती.

भाव असे चढल्यावर भपक्यात चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन आणि रसायनं आली, त्यांना स्वतःचा वास नाही, अंगावर त्यांची साथही नाही. दुसरीकडे प्रयोगशाळेत लाकडाचे वास तयार झाले. १९७३ मध्ये अमेरिकेत आयसो ई सुपर आलं, कोरडं, मखमली, देवदारासारखं, आणि पुढे जावानॉलसारखी चंदनाची रसायनं आली. आज 'वुडी इन्सेन्स' म्हणून आपण जे लावतो त्यातलं लाकूड बहुतेक वेळा हेच. मी याला फसवणूक म्हणणार नाही, चांगल्या हाताने बांधलेलं असेल तर ते फार सुंदर लागतं आणि त्याने एक झाडही वाचतं. फक्त त्यावर चंदन म्हणून भाव लावू नये. आयसो ई सुपरची एक गंमत म्हणजे काहींच्या नाकाला ते येतच नाही किंवा मधेच गायब होऊन परत येतं, त्यामुळे एकाच कुपीबद्दल घरातल्या दोघांचं मत टोकाचं वेगळं असू शकतं, दोघंही खरं बोलत असतात.

दुबईचा भाग राहिला. सत्तरच्या दशकात खनिज तेलाचे भाव वाढले आणि रत्नागिरी-रायगडची हजारो माणसं आखातात गेली, त्याआधी याच घरांतली माणसं जहाजांवर खलाशी होती. येताना बॅगेत निखाऱ्यावर टाकायचं बखूर आणि अगरूच्या तेलाच्या कुप्या आल्या. ते अगरू कुठलं, तर पुष्कळसं आपल्याच आसामचं, होजाईकडून आखातात गेलेलं. बुरशी लागली तरच त्या लाकडात राळ भरते, म्हणून जंगलं ओरबाडली गेली आणि १९९५ मध्ये त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली.

कोकणात हे धूप-चंदनाचं तेल वापरायचं तर हवेचा विचार करावा लागतो. मे महिन्यात अंग तापलेलं, घाम सुकत नाही, दमट हवेत वास जास्त जाणवतो, त्यामुळे पुण्यात दोन बोटं लागतात तिथे गुहागरला एक पुरतं, आणि धुराचा भाग जास्त असलेलं अत्तर दुपारी एसटीत शेजारच्याला त्रास देतं. ते पावसाळ्यासाठी ठेवावं, तेव्हा अंग तितकं तापलेलं नसतं आणि राळ सावकाश उघडते. घेताना कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका, मनगटावर लावा, बाजार करा, दोन तासांनी परत हुंगा आणि मग ठरवा. आणि 'दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतं म्हणजे अस्सल' हे ऐकून भुलू नका, प्रयोगशाळेतलं लाकूड शर्टावर आठवडाभरही टिकतं. खरं चंदन मुळात हळू असतं, दुकानात कधी घमघमत नाही, आणि स्वस्तात तर मिळतच नाही.