गुणसूत्राच्या टोकाला मोजणी का लागते?

कर्वे रस्त्यावरच्या एका फलकावर 'टेलोमिअर वाढवा, तरुण राहा' असं वाचलं आणि राहवलं नाही. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाशी लागोपाठ शेकडो-हजारो वेळा येणारी टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं. पेशी विभागताना ती झिजतात, हे खरं. पण झीज भरून काढणारं टेलोमरेज हे विकर बहुतेक कर्करोगांतही जोरात चालतं, ते जाहिरातवाले सांगत नाहीत. माझं कुतूहल मात्र टेलोमिअरच्या जरा अलीकडच्या भागात, सबटेलोमिअरमध्ये आहे.

मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, २००३ मध्ये पूर्ण वाचला, असं आपण ऐकलं. प्रत्यक्षात सुमारे ८ टक्के भाग बाकी होता. तो टी-टू-टी (टेलोमिअर-टू-टेलोमिअर, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत) या संशोधक गटाने २०२२ मध्ये भरला, वाय गुणसूत्र २०२३ मध्ये. डीएनए वाचणारी जुनी यंत्रं एका वेळी फार तर हजारभर अक्षरं वाचत. रामनामाच्या वहीचे कपटे केले, तर कुठला कपटा कुठल्या पानाचा हे कोण सांगणार? सबटेलोमिअरचे तुकडे तर एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर नकललेले, आणि माणसागणिक वेगळे.

चौथ्या गुणसूत्राचं टोक बघा. तिथे डी-४-झेड-४ हा सुमारे ३,३०० अक्षरांचा तुकडा एकापुढे एक येतो. बहुतेकांत त्याच्या अकरा ते शंभर प्रती असतात. दहा किंवा कमी उरल्या, की तिथली डीएनएची घट्ट गुंडाळी सैल होते आणि एरवी स्नायूंत गप्प असलेलं डक्स-४ जनुक जागं होतं. पण एवढ्याने भागत नाही. त्या जनुकाचा आरएनए, म्हणजे त्यावरून निघणारी नक्कल, टिकायला शेपटी लागते, आणि ती जोडण्याची खूण टोकाच्या 'ए' प्रकारातच असते, 'बी'मध्ये नाही. प्रती कमी आणि टोक 'ए', असं जुळलं तर चेहरा, खांदे, दंड यांचे स्नायू क्षीण करणारा आजार होऊ शकतो. दहाव्या गुणसूत्राच्या टोकावरही जवळपास हेच तुकडे आहेत, पण ती खूण नसल्याने तिथे कमी प्रती सहसा निरुपद्रवी ठरतात.

म्हणजे डॉक्टरांना प्रती किती, गुणसूत्र कोणतं, टोक कोणत्या प्रकारचं, हे तिन्ही कळायला हवं. नॅनोपोअर हे डीएनए वाचणारं नवं यंत्र लाखभर अक्षरांचा धागा सलग वाचू शकतं. दहा प्रती जेमतेम ३३,००० अक्षरांच्या, त्यामुळे तिन्ही उत्तरं एकाच धाग्यावर मिळू शकतात.