सनदेआधीची उमेदवारी : गोव्यातील पॅरालीगल कामाची पार्श्वभूमी

पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या वकिली कार्यालयांत सध्या पॅरालीगल म्हणून शिकाऊ मुलं-मुली घेतली जातात. कुणी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणाच्या हातात पदवी असते पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, यायची असते. कोर्टात उभं राहायचा अधिकार त्यांना नाही. पण फाइल उभी राहते ती त्यांच्याच हातून. ही व्यवस्था नवी वाटली तरी तिची मुळं जुनी आहेत, आणि गोव्यात ती इतर राज्यांपेक्षा वेगळ्या मातीत रुजलेली आहेत.

पोर्तुगीज काळात कायद्याची पदवी घ्यायची तर लिस्बन किंवा कोइंब्रा गाठावं लागे. ते सर्वांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे पदवी नसूनही परवान्यावर वकिली करणाऱ्यांचा एक वर्ग इथे होता. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी आधीचे कायदे लगेच गेले नाहीत. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता इथे 15 जून 1966 पासून लागू झाली. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मात्र कुटुंब आणि वारसा या बाबतीत टिकून राहिली, आणि मृताच्या मालमत्तेच्या वाटणीची ‘इन्व्हेंटरी’ 1939 च्या पोर्तुगीज प्रक्रिया संहितेनुसारच चालत राहिली. वारसा आणि इन्व्हेंटरीचा गोव्याचा स्वतःचा कायदा 2012 चा, आणि तोही अमलात आला 2016 मध्ये.

शिकाऊ माणसाचं काम समजून घ्यायचं तर जमिनीच्या एका शोधाकडे बघावं. जुन्या खरेदीखतात मालमत्तेला नाव असतं, सर्व्हे नंबर नसतो. पूर्वेला अमक्याचं भाट (बागायत), पश्चिमेला ओहोळ, दक्षिणेला कोमुनिदादीची म्हणजे गावसंस्थेची जमीन, अशा चतुःसीमा पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या असतात. त्यावरून नोंदणी पुस्तकाचा क्रमांक, पान आणि मालमत्तेचा वर्णन क्रमांक शोधायचा. मग कर आकारणीच्या जुन्या नोंदवहीतला मात्रीझ क्रमांक. 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीत तीच जागा कुठल्या सर्व्हे नंबरात गेली ते एक-चौदाच्या (सातबारासारख्या) उताऱ्यावर पडताळायचं आणि इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नाव आहे का ते बघायचं. एखाद्या भाटाचे मोजणीत तीन तुकडे झालेले असतात आणि चौथा शेजाऱ्याच्या नावावर चढलेला असतो. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या प्रकरणांत कधी मोडीतला कागद निघतो, आणि मग मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध. यातलं काहीही वर्गात बसून येत नाही. जुन्या कारकुनाशेजारी बसावं लागतं, त्याचं बोट कुठल्या ओळीवर थांबतं ते बघावं लागतं.

म्हणूनच उमेदवारीबद्दल, म्हणजे वकिलाच्या हाताखाली शिकण्याबद्दल, कायदा काय म्हणतो हा प्रश्न गोव्यात महत्त्वाचा ठरतो.

1961 च्या अधिवक्ता कायद्यात मुळात सनदेआधी प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा अशी अट होती. 1973 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा झाल्यावर वेगळ्या प्रशिक्षणाची गरज उरत नाही, असं त्यामागचं समर्थन होतं. पुढची वीसेक वर्षं पदवी मिळाली की सरळ सनद, असा काळ गेला. तक्रारी वाढल्या, तेव्हा वकिलांच्या शिखर संस्थेने, बार कौन्सिल ऑफ इंडियाने, 1995 मध्ये नियम करून सनदेआधी एका वर्षाची उमेदवारी सक्तीची केली. अनुभवी वकिलाच्या हाताखाली काम करायचं, त्याची नोंद ठेवायची, मगच नावनोंदणी.

ही उमेदवारी फार टिकली नाही. नियमांना आव्हान मिळालं आणि मार्च 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. न्यायालयाचं म्हणणं असं : संसदेने 1973 मध्ये जी अट जाणीवपूर्वक काढली, ती नियम करून मागच्या दाराने आणता येणार नाही, तसा अधिकार त्या संस्थेला कायद्याने दिलेला नाही. कलमांच्या वाचनापुरता हा तर्क चोख होता. नवोदितांच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं, कारण पदवीनंतर आणखी एक वर्ष कमाईविना काढणं हे पेडण्याच्या किंवा काणकोणच्या साध्या घरातल्या मुलाला जड होतं. तरी निकालाचा परिणाम बघता नुकसान मोठं झालं, असंच म्हणावं लागतं. प्रशिक्षण हवं असेल तर संसदेने कायदा करावा, असं न्यायालयाने सुचवलं होतं. तो कायदा झाला नाही. उमेदवारी कार्यालयांत चालू राहिली, पण तिला ना नियम, ना मुदत, ना विद्यावेतन. कुठे शिकवणारा माणूस भेटला तर भलं झालं, नाहीतर झेरॉक्स आणि पोस्टाच्या पावत्या सांभाळण्यात वर्ष गेलं.

2008 च्या शिक्षण नियमांत इंटर्नशिप आली : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20. पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. इन्व्हेंटरीचं एक प्रकरण सुरुवातीपासून वाटणीच्या तक्त्यापर्यंत बघायला चार आठवडे कसे पुरणार? वारसांना नोटिसा, मालमत्तेची यादी, हरकती, मूल्यांकन, वारसांमधला लिलाव, हे सगळं महिनोन्‌महिने चालतं. 2009 मध्ये विधी सेवा यंत्रणेने पॅरालीगल स्वयंसेवकांची योजना आणली. तिचा हेतू गावपातळीवर लोकांना कायद्याची वाट दाखवण्याचा, वकिली कार्यालयातल्या शिकाऊंशी तिचा संबंध नाही. नावातल्या सारखेपणामुळे दोन्हींची गल्लत मात्र अजून होते. 2010 मध्ये सनदेच्या परीक्षेचा नियम आला. ती वाचन तपासते, हाताला वळण लावत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये या परीक्षेवरच्या वादात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 1999 चा निकाल टिकणारा नाही असं सांगितलं. नावनोंदणीआधी किंवा नंतर अट घालण्याचे अधिकार शिखर संस्थेकडे आहेत, असा त्याचा अर्थ. जवळपास चोवीस वर्षांनी दार उघडलं. पण प्रश्न परीक्षेचा होता, त्यामुळे एका वर्षाची उमेदवारी आपोआप परत आली नाही.

दरम्यान गोव्यात शोधकामाची निकड वाढली. बनावट जुनी खतं करून, वारस परदेशी गेलेल्यांच्या जमिनी लाटल्याची प्रकरणं गाजली आणि 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. जुन्या दस्तातला खोटा शिक्का ओळखायला आधी खरा शिक्का शंभरदा पाहिलेला असावा लागतो. ते पाहण्याची जागा म्हणजे हीच उमेदवारी.

ऑक्टोबर 2024 मध्ये शिखर संस्थेने ज्युनियर वकिलांना शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं. ते सनदधारकांसाठी आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या प्रवेश परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम त्यात धरलं जातं. वकिली मोजायची ती तात्पुरत्या, म्हणजे सनदेच्या परीक्षेआधीच्या, नावनोंदणीच्या तारखेपासून. त्याआधी कार्यालयात पॅरालीगल म्हणून घालवलेला काळ या हिशेबात येत नाही.