पार्श्वभूमी : डायमुळे की डायनंतर?

अँजिओग्राफीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा ग्लास पाण्यात एक फसफसणारी गोळी टाकायची. तिच्या रेणूत गंधक असल्याने सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. नाक दाबून ते पाणी प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढणारा घटक) जरा वर असलेल्या बऱ्याच रुग्णांना हा सोपस्कार माहीत आहे; अँजिओग्राफीत टोचलेल्या डायने, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून दिलेल्या द्रवाने, मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून तो करायचा. औषधाचं नाव एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, बोलीत 'नॅक'. त्याचा मूळ धंदा कफ पातळ करण्याचा आणि पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवर उताऱ्याचा.

आयोडीनयुक्त डाय दिल्यावर मूत्रपिंडं बंद पडल्याच्या नोंदी १९५०च्या दशकापासून सापडतात. पुढची चाळीस वर्षं डाय सौम्य करण्यात गेली. १९९४मध्ये एका छोट्या चाचणीत दिसलं की नुसतं सलाइन बरं. त्याच्या जोडीला लघवी वाढवणारी औषधं दिली तर उलट नुकसानच.

नॅक आलं २०००मध्ये, जर्मनीतून. मूत्रपिंडं आधीच अधू असलेले ८३ रुग्ण, सीटी स्कॅन, सलाइन सगळ्यांनाच. नॅक मिळालेल्या ४१ जणांपैकी एकाचं क्रिएटिनिन वाढलं, न मिळालेल्या ४२पैकी नऊ जणांचं. कारणमीमांसाही पटण्यासारखी होती: मूत्रपिंडाच्या आतल्या भागात मुळातच ऑक्सिजन कमी, डायने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, फ्री रॅडिकल्स तयार होतात, अँटिऑक्सिडंट ते टिपून घेणार. गोळी स्वस्त, अपाय जवळजवळ नाही. मग कोण थांबतंय? डझनावारी चाचण्या झाल्या, कुणी डोस दुप्पट केला, कुणी शिरेतून दिलं, व्हिटॅमिन सीचीही वर्णी लागली. निष्कर्ष मात्र एकमेकांशी भांडत राहिले.

खरी गोची व्याख्येत होती. डायनंतर ४८ ते ७२ तासांत क्रिएटिनिन ०.५ मिलिग्रॅमने किंवा २५ टक्क्यांनी वाढलं, की 'कॉन्ट्रास्ट-इंड्यूस्ड नेफ्रोपॅथी', म्हणजे डाय'मुळे' झालेली इजा. १.२चं १.५ झालं तरी माणूस या व्याख्येत बसतो; त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. २००४मध्ये निरोगी स्वयंसेवकांना डाय न देता नुसतं नॅक दिलं, तर त्यांचं क्रिएटिनिन खाली आलं. मूत्रपिंडाचा दुसरा मापक, सिस्टॅटिन सी, जागचा हलला नाही. म्हणजे औषध मूत्रपिंड वाचवत होतं की नुसता आकडा खाली ओढत होतं, हे त्या मोजपट्टीवर कळण्याची सोयच नव्हती. २००८मध्ये आणखी एक हिशेब आला: डाय न मिळालेल्या तीस हजारांवर रुग्णांची रोजची क्रिएटिनिनं तपासली, तर निम्म्याहून अधिक जणांत पाच दिवसांत २५ टक्के किंवा जास्त फरक. रक्तदाब पडणं, जंतुसंसर्ग, इतर औषधं, कशानेही क्रिएटिनिन हलतं. डाय टोचली असती तर खापर तिच्यावरच फुटलं असतं.

'मुळे' या प्रत्ययाची किंमत रुग्णांनी मोजली. मूत्रपिंड अधू म्हणून हृदयविकाराच्या रुग्णाची अँजिओग्राफी टाळायची, या सवयीला 'रीनलिझम' असं नावही पडलं. पुढे 'डायनंतरची' आणि 'डायशी संबंधित' अशा सावध संज्ञा आल्या. माझ्या मते त्या वीस वर्षं उशिरा आल्या.

मोठ्या चाचण्यांनी बाकीचं काम केलं. २०११मध्ये ब्राझीलमध्ये २३०८ रुग्ण: नॅक घेणाऱ्यांत १२.७ टक्के जणांचं क्रिएटिनिन वाढलं, न घेणाऱ्यांतही १२.७. २०१७मध्ये नेदरलँड्समध्ये ६६० जणांपैकी निम्म्यांना सलाइनसुद्धा दिलं नाही, तरी फरक पडला नाही. मात्र ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा अंदाजी आकडा; जितका कमी तितकं वाईट) तीसच्या खाली असलेले रुग्ण त्यात नव्हते. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेली, पाच हजारांवर रुग्णांची नॅकची चाचणी फायदा दिसण्याची आशा उरली नाही म्हणून मध्येच थांबवली गेली. तिथे मोजले होते मृत्यू, डायलिसिस आणि नव्वद दिवसांनीही न उतरलेलं क्रिएटिनिन.

२०२०मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि मूत्रपिंडतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून भूमिका घेतली: शिरेतून डाय देताना काळजी प्रामुख्याने ईजीएफआर तीसच्या खाली असलेल्यांची आणि मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेल्यांची, त्यांना सलाइन द्यावं, नॅकची शिफारस नाही.