कोपरा किती गोल हवा?

मुंबई महापालिकेच्या ताब्यात सुमारे २,००० किलोमीटरचे रस्ते आहेत आणि ते टप्प्याटप्प्यानं काँक्रीटचे होत चाललेत. बोललं जातं ते खड्ड्यांबद्दल, कंत्राटदारांबद्दल आणि पावसाआधी काम उरकणार का याबद्दल. चौकातल्या कोपऱ्याचा विषय कुणी काढत नाही. काँक्रीटचा रस्ता तीसेक वर्षं टिकेल अशा हिशेबानं बांधतात. म्हणजे आज फूटपाथची कड जिथे बसेल, तिथेच ती पुढची पिढी मोठी होईपर्यंत राहणार.

काँक्रीट का, हे आधी सांगायला हवं. डांबर खडीला धरून ठेवतं, पण भेगेतून पाणी आत शिरलं की चाकाच्या दाबानं ते खडीखाली जोरात ढकललं जातं आणि खडी सुटते. सांताक्रूझला वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. काँक्रीटची लादी ताठ असल्यामुळे चाकाचं ओझं मोठ्या जागेवर पसरतं आणि खालच्या भरावाला कमी सोसावं लागतं. ही लादी घट्ट होताना आकसते, त्यामुळे तिला तडा जाणारच. म्हणून ओतल्यानंतर काही तासांतच तिला यंत्रानं सरळ काप देतात, म्हणजे तडा जायचाच तर तो त्या रेषेत जावा. सांध्यात लोखंडी सळ्या असतात. चाक एका लादीवरून दुसरीवर जाताना भार त्या पलीकडे पोचवतात. वरच्या पृष्ठभागावर बारीक खाचा ओढतात, त्यांतून टायरखालचं पाणी निघून जातं आणि पकड टिकते.

खड्डे गेले, हे चांगलंच झालं. पण खड्डा हा मुंबईतला सर्वांत कडक स्पीडब्रेकर होता, हेही खरं. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या पळू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका ताशी ५० किलोमीटरपेक्षा ६५ किलोमीटरला साडेचार पट असतो. मग फलक लावतात, ‘वाहने सावकाश चालवा’. तो फलक वाचून कोण सावकाश चालवतं, हे आपल्याला ठाऊक आहे. चालकाला वेग सांगतो तो रस्त्याचा आकार.

त्यात सर्वांत बोलका आकार कोपऱ्याचा. डावीकडे वळताना गाडी ज्या वर्तुळाच्या तुकड्यावरून जाते, त्याची त्रिज्या ५ मीटर असेल आणि आतल्या माणसांना सोसवेल इतकाच आडवा रेटा, समजा वजनाच्या तीन दशांश, घ्यायचा असेल, तर वेग निघतो ताशी १४ किलोमीटर. त्रिज्या १५ मीटर केली की तोच माणूस, तीच गाडी, ताशी २४ किलोमीटरनं वळते. गणिताची गंमत अशी की ठरावीक आडव्या रेट्याला वेगाचा वर्ग त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो आणि धडकेची ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्याच प्रमाणात. म्हणजे कोपरा तिप्पट गोल केला की धडकेची ऊर्जा नेमकी तिप्पट! त्यावर ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा, असेल तर बोलायलाच नको. चालक उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे मान वळवून बघतो आणि शाळेची मुलं डावीकडे उभी असतात.

वेग आणि वळण यांचं हे भांडण उड्डाणपुलांवरही दिसतं. जे. जे. उड्डाणपूल नागमोडी आहे, आणि अपघातांमुळे २०१० पासून तिथे दुचाकींना बंदी आहे. पूल बांधून झाल्यावर वळणाची त्रिज्या बदलता येत नाही. मग बंदी घालणंच हाती उरतं.

कोपरे आवळले तर वाहतूक तुंबेल, असा आक्षेप लगेच येतो. मला तो पटत नाही. दोन सिग्नलमध्ये ५०० मीटर अंतर असेल तर ताशी ६० नं ते ३० सेकंदांत संपतं आणि ४० नं ४५ सेकंदांत. ते वाचलेले १५ सेकंद पुढच्या लाल दिव्यापाशी उभं राहण्यात जातात. तासाला किती गाड्या सुटतात हे चौकात ठरतं, मधल्या पळापळीत नाही. आता पादचाऱ्याचा हिशेब बघा. २१ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालून ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात. दोन्ही बाजूंचे फूटपाथ चौकात पुढे आणून हे अंतर १५ मीटरवर आणलं तर साडेबारा. दर फेरीत ५ सेकंद वाचले. सिग्नलची फेरी दोन मिनिटांची असेल तर तासाला ३० फेऱ्या, म्हणजे अडीच मिनिटांचा हिरवा दिवा गाड्यांना परत मिळाला. हिरव्यात एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते, करा हिशेब. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग १.२ नसतो, त्यांच्यासाठी तर हा फरक आणखी मोठा.

हे आधी ओतून मग बघायचं नसतं. मालाडला मीठ चौकीत महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था यांनी आधी बॅरिकेड, शंकू आणि रंग वापरून चौकाचा नवा आकार तात्पुरता मांडून पाहिला. गाड्या कुठून जातात, माणसं कुठे थांबतात हे काही दिवसांत कळतं आणि चुकलं तर शंकू हलवता येतात. काँक्रीट हलवता येत नाही. खरं तर प्रत्येक मोठ्या चौकाच्या निविदेतच अशा चाचणीची तरतूद असायला हवी. रस्त्याच्या खर्चापुढे शंकूंचा खर्च तो काय.

बेस्टची बस कशी वळणार, हा प्रश्न मात्र रास्त आहे. १२ मीटर लांबीच्या बसची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. कोपरा नुसता आवळला तर ती फूटपाथवर चढतील. उपाय दोन. बस ज्या रस्त्यात वळते, तिथे समोरून येणाऱ्या गाड्यांची थांबारेषा थोडी मागे घ्यायची, म्हणजे वळणाऱ्या बसला पलीकडची लेनही वापरता येते. किंवा कोपऱ्याच्या आत खडबडीत फरशीचा, रस्त्यापेक्षा दोन-तीन इंच उंच पट्टा ठेवायचा. बस किंवा अग्निशमन दलाचा बंब त्यावरून सावकाश जातो. कारवाला मात्र हादरा टाळायला पट्ट्याच्या बाहेरच्या कडेनं वळेल, म्हणून ती कड फार सैल ठेवायची नाही. पट्टा किती रुंद ठेवायचा ते त्या चौकातून कोणत्या मार्गाच्या बस वळतात यावर ठरतं. जिथे एकही बस डावीकडे वळत नाही, तिथे ५ मीटरपेक्षा गोल कोपरा कुणासाठी ठेवायचा?