हार्नेसची कार सीट की बूस्टर? मुलाला धरून कोण ठेवतं, ते बघा

रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमधून चालत जा. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या सीटवर आता लहान मुलांची सीट दिसते आणि ते बघून खरंच बरं वाटतं. पण जरा वाकून आत पाहिलं, तर कितीतरी ठिकाणी दोन-अडीच वर्षांचं पोर बूस्टरवर, म्हणजे मुलाला वर उचलणाऱ्या बैठकीवर, बसवलेलं असतं आणि त्याच्या अंगावरून गाडीचा, म्हणजे मोठ्या माणसांचा बेल्ट गेलेला असतो. आईबाबांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "सीट आहे की! मुद्दाम आयसोफिक्सवाली, गाडीच्या कड्यांत हुकने बसणारी, घेतली." सीट आहे, पैसे मोजलेत, काळजीपोटीच घेतलीय. फक्त ती या वयाच्या मुलासाठी नाही.

घोळ होतो कारण दुकानात हार्नेसची सीट आणि बूस्टर सीट दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. दोघींना उंच पाठ, दोघींना डोक्याच्या दोन्ही बाजूंना गादी, दोघींवर तीच चकचकीत चित्रं. विक्रेताही दोघींना "कार सीट"च म्हणतो. रंग, कप ठेवायची जागा, धुता येणारं कव्हर हे फरक बाजूला ठेवा, त्याने काही बिघडत नाही.

हार्नेसची सीट बहुतेकांच्या ओळखीची आहे, म्हणून थोडक्यात. तिला स्वतःचे पट्टे असतात: दोन खांद्यांवरून, दोन कमरेच्या बाजूंनी, एक पायांमधून, आणि सगळे मध्ये एका बक्कलात येतात. सीट गाडीला बांधायची, मूल सीटला बांधायचं. तोंड मागच्या काचेकडे करून जितके महिने बसवता येईल तितके बसवा. आर १२९ या आंतरराष्ट्रीय नियमात किमान १५ महिने सांगितलेत. माझं स्पष्ट मत, सीटवर लिहिलेली मर्यादा संपेपर्यंत उलटंच बसवावं. पाय दुमडतात म्हणून सरळ करायची घाई नको. आणि पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना, उलट्या तोंडाची सीट कधीच लावायची नाही. हे बहुतेकांना ठाऊक असतं, पुढे जाऊ.

बूस्टरला स्वतःचे पट्टे नसतात. टेबलावरच्या ताटापर्यंत हात पोचावा म्हणून छोट्याच्या खाली उशी सरकवतात, तसं बूस्टर मुलाला वर उचलतं, म्हणजे गाडीचा बेल्ट त्याच्या अंगावर योग्य जागी येतो. पाठ असलेल्या बूस्टरमध्ये खांद्याचा बेल्ट ओवायला एक खाचही असते. बूस्टरचं काम तिथे संपतं. ते मुलाला धरत नाही. धरतो तो गाडीचा बेल्ट.

सगळा मुद्दा इथे आहे. मोठ्यांचा बेल्ट हाडांवर टेकावा अशा हिशोबाने केलेला असतो: वरचा भाग खांद्याच्या हाडावरून आणि छातीच्या मधोमध, खालचा भाग कमरेच्या हाडांवर. धडक बसली की जोर त्या हाडांवर येतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या कमरेच्या हाडाला पुढे बेल्ट अडकून राहील असा उंचवटाच अजून तयार झालेला नसतो. त्यामुळे झटक्यात खालचा पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो आणि सगळा जोर आतड्यांवर, यकृतावर आणि मणक्यावर पडतो. बूस्टरवर बसवल्याने हे थोडं सुधारतं, पण हाड काही तयार होत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः करून बघू शकता. उभ्या गाडीत मागे बसा, बेल्ट लावा आणि हळूच पुढे वाका. बेल्ट तुमच्याबरोबर मुकाट येतो. तो अडकतो फक्त झटका बसला किंवा जोरात ब्रेक लागला की. मोठ्या माणसाला ही सोय हवीच असते. पण दोन वर्षांचं मूल गाडीत काय करतं? पडलेली बाटली उचलायला वाकतं, शेजारच्या आजीकडे झुकतं, खिडकीतून ट्रक बघायला वळतं, खांद्याचा पट्टा काखेखाली घालतं. बेल्ट प्रत्येक वेळी त्याला जाऊ देतो. ज्या क्षणी समोरची रिक्षा अचानक थांबते, त्या क्षणी मूल नेमकं पाठ टेकून सरळ बसलेलं असेल, या एका अपेक्षेवर बूस्टर उभं आहे. सात वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवता येते. दोन वर्षांच्या मुलाकडून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

"आमचा अगदी शांत बसतो हो," असं सांगणारे भेटतात. बसत असेल, जागा असताना. पण नेरूळहून निघून पाम बीच रोडला लागलं की वाशी यायच्या आत बहुतेक पोरं झोपतात. झोपलं की मान पुढे किंवा बाजूला पडते, अंग घसरतं, कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि खांद्याचा पट्टा मानेशी जातो. हार्नेसमध्ये मान कलते, पण खांदे आणि कंबर जागेवर राहतात, कारण नीट आवळलेला हार्नेस आपोआप लांब होत नाही. पायांमधला पाचवा पट्टा मुलाला खाली घसरू देत नाही. बूस्टरमध्ये तसा पट्टाच नसतो.

आता आयसोफिक्स. गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते, तिथे आत २८० मिलिमीटर अंतरावर दोन लोखंडी कड्या असतात, त्यात मुलाच्या सीटचे दोन हुक खटकन बसतात. हार्नेसच्या सीटला हे हुक फार मोलाचे: गाडीने सीट धरली, सीटने मूल धरलं, साखळी पूर्ण झाली. सीट पुढे कलंडू नये म्हणून वरून एक पट्टा मागे बांधतात किंवा खाली जमिनीवर टेकणारा पाय असतो, तोही लावलाच पाहिजे. काही बूस्टरनाही हेच हुक असतात, पण तिथे त्यांचं काम बूस्टर इकडेतिकडे सरकू नये आणि मूल नसताना रिकामं उडू नये, एवढंच. मूल तरीही फक्त बेल्टने धरलेलं असतं. म्हणून खोक्यावर "आयसोफिक्स" छापलेलं वाचून दोन वर्षांच्या मुलासाठी बूस्टर घेऊ नका. मुलाला कोण धरतं, हे तो शब्द सांगतच नाही.

याहून जास्त फसवतो तो "९ ते ३६ किलो" हा आकडा. आपल्याकडे अशा सीट खूप खपतात, कारण एकदाच घ्यायची आणि बारा वर्षांपर्यंत वापरायची हे आपल्याला पटतं. पण ती एका खोक्यात दोन सीट असतात. ९ ते १८ किलोपर्यंत हार्नेस लावून, आणि १५ किलोच्या पुढे हार्नेस काढून, गाडीच्या बेल्टने, बूस्टर म्हणून. खोक्यावर मोठ्या अक्षरात ९-३६ असतं, ही वाटणी माहितीपुस्तिकेच्या आत कुठेतरी असते. मग घरी काय होतं? हार्नेसमध्ये हात घालताना मूल रडतं, बक्कल लागता लागत नाही, कुणीतरी म्हणतं "काढून टाक ते पट्टे, बेल्ट आहे ना". आणि ११ किलोचं बाळ बूस्टरवर जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १२ किलोच्या आसपास आहे, तीन वर्षांचं १४ च्या. म्हणजे जे पट्टे काढले जातात, ते बहुतेक वेळा सीटच्याच अटी मोडून.

आणि १५ किलो झाले की दुसऱ्या दिवशी बूस्टर, असंही नाही. ती खालची मर्यादा आहे. आर १२९ मध्ये वजनाऐवजी उंची बघतात: पाठ असलेलं बूस्टर लवकरात लवकर १०० सेंटिमीटरला, बिनपाठीचं १२५ सेंटिमीटरला. माझा आग्रह याहून कडक आहे. चार वर्षं पूर्ण, उंची १०० च्या वर, आणि ठाणे ते पनवेल पूर्ण रस्ता, झोपलं तरी, मूल सरळ राहतं हे डोळ्यांनी पाहिलेलं. तोपर्यंत हार्नेस. त्यानंतरही खांदे हार्नेसच्या सर्वांत वरच्या खाचेच्या खाली असतील आणि वजन मर्यादेत असेल, तर हार्नेसच चालू ठेवा. पुढच्या टप्प्यात लवकर जाण्यात काहीच कमाई नाही.

बूस्टर का घेतलं याची कारणं मला कळतात. हलकं असतं, टॅक्सीत नेता येतं, मागे तिघं बसायची असली तर जागा कमी अडवतं. पण "घोडबंदरला गाडी पळतेच कुठे" हे कारण मला अजिबात पटत नाही. कापूरबावडीला गाडी अडकते, तीच गाडी रात्री अकरा वाजता रिकाम्या ठाणे-बेलापूर रोडवर असते. अटल सेतूवर तर कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. आणि ताशी ५० च्या वेगातून सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी थांबली, तर १२ किलोचं मूल साधारण १७० किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. हा जोर कुणीतरी पेलायचा आहे. तो पाच पट्ट्यांत वाटला जावा, पोटावरच्या एका पट्ट्यावर नाही. मांडीवर घेऊन बसणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको.

कायद्याचा आधार घेणाऱ्यांसाठीही एक वाक्य. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४-ब म्हणतं, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट हवी, नाहीतर १,००० रुपये दंड. "किंवा" आहे तिथे. दंड चुकला म्हणजे मूल नीट बसलं असं होत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या दोन वस्तूंचा मला मनापासून राग आहे. एक, बेल्टला लावायचा कापडी त्रिकोण, "बेल्ट मानेला टोचत नाही" म्हणून विकला जाणारा. तो वरचा पट्टा खाली ओढतो आणि कमरेचा पट्टा वर, थेट पोटावर आणतो. म्हणजे जे टाळायचं तेच घडवतो. दुसरी, काहीशे रुपयांची स्पंजची गादी, तिला शिवलेले पट्टे, नाव कार सीट. खऱ्या सीटवर मान्यतेचं लेबल असतं, सहसा नारिंगी, त्यात वर्तुळातलं इंग्रजी ई आणि आर ४४ (आधीचा नियम) किंवा आर १२९. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. लेबल नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

हार्नेस वापरताना बहुतेक चुका सैलपणाच्या. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पडली तर सैल आहे. तोंड मागे असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा खाली, तोंड पुढे असताना खांद्याच्या पातळीला किंवा वर. मुलाच्या पाठीमागे टॉवेल, लोड असलं काही नको. आणि गाडीला नवीन सीट कव्हर घातलं असेल तर आधी बघा, आयसोफिक्सच्या कड्या आणि बेल्टची बक्कलं त्याखाली गाडली गेलीत का. फार गाड्यांत गेलेली असतात. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर पार्क केलेल्या गाडीत बक्कल तापतं, तेव्हा वरून पांढरं फडकं टाकून ठेवा आणि लावण्याआधी हात लावून बघा. मूल रडायला लागलं तर गाडी बाजूला घ्या, पट्टा सैल करू नका.

बूस्टर वाईट नाही, वेळेआधी वाईट आहे. वेळ आली की ते मन लावून वापरा, कारण दुसरी चूक उलट टोकाला होते: मूल पहिलीत गेलं की "आता मोठा झाला" म्हणून बूस्टर माळ्यावर जातं. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत त्याची गरज असते. काढण्याआधी मुलाला गाडीच्या सीटवर नुसतं बसवून बघा. पाठ पूर्ण टेकते का, गुडघे सीटच्या कडेला दुमडतात का, खालचा बेल्ट मांड्यांच्या वरच्या टोकाशी बसतो का, वरचा खांद्याच्या मधोमध येतो का, आणि असं सगळा रस्ता बसता येतं का. यातलं एकही जमत नसेल तर बूस्टर चालू ठेवा, मूल दुसरीत असो की पाचवीत.